स्वीट वेल

"मोटार बंद कर गो, टाकी वाहतेय," असं फोनच्या पलीकडचा माणूस मान वळवून कुणालातरी ओरडला आणि समिधाच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं. त्याआधीची दहा मिनिटं ती त्याच माणसाशी हिंदीत बोलत होती. खोल्या किती, गाडी आत येते का, नाश्त्याला पोहे सोडून दुसरं काही मिळेल का, असं सगळं विचारून झालं होतं आणि त्याने 'हां मॅडम, जी मॅडम' करत सगळ्याला होकार दिला होता. आता तो परत फोनवर आला, "सॉरी मॅडम, बोलिये," म्हणाला. ते 'गो' तिला ठाऊक होतं. वाक्याच्या शेवटी हाक लांबवायची ती पद्धत ठाऊक होती. हा सदू होता, तिचा सख्खा धाकटा भाऊ, आणि ती 'गो' म्हणजे त्याची बायको अनसूया. "ठीक है, मैं मेल करती हूँ," असं म्हणून तिने फोन ठेवला. मीच बोलतेय रे, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. तेवढा श्वास तिने घेतला नाही, आणि का घेतला नाही हे पुढचे दोन दिवस तिला सांगता येत नव्हतं.

आवाज ओळखू आला नाही याचं तिला आधी नवल वाटलं, मग राग आला. पण माणसाचा हिंदीतला आवाज वेगळाच असतो. समिधाचाही वेगळा होता. मीरा रोडला लग्न होऊन आल्याला तेवीस वर्षं झाली, आणि या तेवीस वर्षांत रिक्षावाला, दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांशी आधी हिंदीत तोंड उघडायची सवय तिला इतकी लागली होती की दोन मराठी बायका भाजीच्या गाडीवर पाच-पाच मिनिटं हिंदीत घासाघीस करायच्या आणि शेवटी एकीच्या तोंडून 'अगंबाई' निघालं की दोघीही ओशाळं हसायच्या. तसंच हे. फक्त इथे हसायला कुणी नव्हतं. पूनम सागरमधल्या एका तळमजल्यावरच्या गाळ्यात हंसाबेनची सहलींची कंपनी होती, समिधा तिथे अकरा वर्षं फोनवर होती, आणि हंसाबेनने आदल्या दिवशी तिच्यापुढे नव्या ठिकाणांची यादी टाकली होती. यादीत नांदवेळ होतं. ते बघून समिधाला बरंच वाटलं होतं, आपलं गाव यादीत आलं म्हणून. नांदवेळला आता साठाच्या वर राहायची ठिकाणं होती आणि त्यांची नावं ब्लू लगून, सनसेट हेवन, कोकण क्राउन अशी. त्यातलंच एक 'स्वीट वेल होमस्टे'. नंबर नवा. कुणीतरी चुकीचं इंग्रजी लिहिलंय, स्टे वेल म्हणायचं असेल, असं वाटून तिने डायल केला होता. तिच्या माहेराला अख्खं गाव 'गोड्या विहिरीवरचे' म्हणायचं. गोडी विहीर. स्वीट वेल. आठवीतल्या पोराला जमेल असं भाषांतर होतं आणि ते तिला जमलं नव्हतं.

आणि तिने त्याच्याकडे मागितलं काय, तर स्विमिंग पूल. ते आठवलं की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. "पूल है क्या?" असं तिने विचारलं होतं, रोज विचारते त्या आवाजात. मग तो म्हणाला होता, "अभी तो नहीं है मॅडम. सामने समंदर है." यावर ती हसली होती, धंद्यातलं हसू. "समंदर तो सबके सामने है, भैया. पूल के बिना ग्रुप नहीं आता. छोटा भी चलेगा, लेकिन थर्टी फर्स्ट के पहले चाहिए." मग, "आंगन में कुएँ के बाजू में जगह है. आप बोलते हो तो हो जाएगा, मॅडम." आप बोलते हो तो. सगळेच असं म्हणतात, म्हणून तिने तेव्हा ते ऐकून सोडून दिलं आणि स्क्रीनवरच्या रकान्यात लिहिलं: पूल, डिसेंबरपर्यंत. भैया म्हणाली होती ती त्याला. शब्दाचा अर्थ पाहिला तर बरोबरच म्हणाली होती.

ती विहीर समुद्रापासून दोनशे पावलांवर, आणि तरी गोडी. अख्ख्या खालच्या आळीत तेवढीच. एप्रिल उजाडला की आळीतल्या बायका हंडे घेऊन समिधाच्या अंगणात यायच्या आणि आई विहिरीच्या कठड्यावर बसून असायची. भांडायला नाही, चव बघायला. पहिला पोहरा वर आला की ती ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, डोळे मिटून जिभेवर फिरवायची आणि गिळायची. ठीक असेल तर मान हलवायची. जरासं मचूळ लागलं, खारटपणाची नुसती चाहूल लागली, की उठायची आणि नारळाच्या झावळीचा विणलेला झाप विहिरीवर ओढून घ्यायची. "आज निजली," एवढंच म्हणायची. विहीर निजली म्हणजे त्या दिवशी पोहरा टाकायचा नाही, कुणीही नाही, घरच्यांनीसुद्धा नाही. समिधाला न्हाण आलं त्या दिवशी विहीर निजलेली होती आणि आईने तिला समुद्राच्या पाण्याने आंघोळ घातली होती. अंगाला दिवसभर मीठ चावत होतं. पुढे मोठेपणी तिला कळलं की उपसा जास्त झाला की गोडं पाणी खाली जातं आणि मागून समुद्र आत येतो, आणि एकदा आला की तो परत जात नाही. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिची जीभ होती, तेवढ्यावर तिने एक विहीर चाळीस वर्षं राखली.

आणि आता समुद्राच्या काठावर येऊन टाकीत डुंबणारी माणसं. समिधा दुपारचा डबा खाऊन बाहेर पायरीवर उभी राहिली तरी डोक्यातून ते जाईना. कोण ही माणसं? हीच की. समोरच्या टॉवरमधली, बाजूच्या सोसायटीतली, जिथे दिवसाआड टँकर येतो आणि जिन्यात पाण्यावरून भांडणं होतात. शुक्रवारी रात्री गाड्या काढायच्या, वरसाव्याच्या नाक्यावर दोन तास हॉर्न वाजवत अडकायचं, आणि कशासाठी, तर कोकणात जाऊन गळ्यापर्यंत गोड्या पाण्यात उभं राहून फोटो काढण्यासाठी. आणि त्यांना तिथे पाठवतं कोण? तळपायाची आग मस्तकात जायची आणि तिथून पुढे जायला जागा नसायची, कारण फोन समिधाच करायची. नांदवेळला पहिला टुरिस्ट आला तेव्हा ती कॉलेजात होती. पुण्याचं एक जोडपं रस्ता चुकून आलं, आईने त्यांना घावणे आणि सोलकढी वाढली आणि निघताना ते पाकीट काढायला लागले तेव्हा आई खरंच रागावली. दोन वर्षांनी रस्त्यावर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी लागली. मग माडाच्या वाडीत खोल्या आल्या. मग बाहेरच्या लोकांनी वाड्या घेतल्या आणि ज्यांनी विकल्या तेच तिथे माळी म्हणून राहिले. सुरूची झाडं गेली, वाळूवर चार चाकांच्या फटफट्या आल्या. हॉटेलात मंचुरियन आलं आणि बांगडा 'मागणी असेल तर' झाला. दोन दिवस गाव ओसंडून वाहतं आणि सोमवारी सकाळी कचऱ्याच्या ढिगापाशी कुत्री आणि गाव, दोघंच उरतात. पाच दिवस सगळे एकमेकांच्या रिकाम्या खोल्यांकडे बघत बसतात आणि ठरवतात की आपल्याकडे काहीतरी कमी आहे. एकाने पूल केला की त्याची अख्खी रांग पूल करते. गेल्या वर्षी फेब्रुवारीतच वरच्या आळीच्या विहिरी खाऱ्या झाल्या असं कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलं होतं, त्याखाली कुणीतरी हात जोडले होते आणि त्याखाली सदूने सुप्रभात आणि गुलाबाचं फूल टाकलं होतं. पर्यटन म्हणे. गावाचा विकास म्हणे. ज्या पाण्यावर गाव उभं होतं तेच बादलीने उपसून पाहुण्यांच्या अंगावर ओतायचं, आणि ते संपलं की पाहुणे दुसऱ्या गावाला जाणार, कारण हंसाबेनकडे यादी लांब आहे.

गाळ्यासमोर चंपाबाय भाजी घेऊन बसायची. काशीगावची, सत्तरीला आलेली, तोंडात कायम तंबाखू. समिधा मेथी घ्यायला वाकली आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तिने विचारलं, "चंपाबाय, तुमच्या काशीगावात विहिरी होत्या?"

"व्हत्या तं. बावडी व्हती आमची, सासऱ्याची."

"मग काय झालं तिचं?"

"काय व्हनार? हायवेवर लॉजी आल्या, त्यांना पानी पायजे व्हतं. आमी दिला. आमाला वाटला, पानी तं फुकट हाय, उद्या परत येईल." चंपाबायने मेथीची जुडी झटकली. "आता तिच्यावर लॉजीचा जनरेटर हाय. मी तिथून जाते ना, तवा पायाखाली धडधड व्हते. कुनाला सांगितला तं म्हन्तात, म्हातारी येडी झाली."

"कुणीच नको म्हटलं नाही तेव्हा?"

"कोन म्हननार? मानसा चांगली व्हती. गोड बोलायची. आपल्याला मॅडम-मॅडम करनारी न्हाय, आपुनच त्यांना साहेब-साहेब करायचो." तिने मेथी पिशवीत टाकली. "कोथमीर देऊ?"

समिधाला सदूचं 'मॅडम' आठवलं आणि ती कोथिंबीर न घेता आत आली.

तिला सदूचाही राग होता. तो आधी होता का, की आता या रागाच्या पाठीमागून आला, हे तिला नीट सांगता येईना. भांडण कधीच झालं नव्हतं. आई गेल्यावर सहा महिन्यांनी ती तालुक्याच्या ठिकाणी गेली आणि हक्कसोडपत्रावर सही करून आली. बहिणी करतातच. न करणारीला गाव काय म्हणतं ते तिने लहानपणापासून ऐकलं होतं. सदूने त्या दिवशी नवीन शर्ट घातला होता आणि तो सारखा तिच्यासाठी चहा सांगत होता, तीन चहा झाले. शेवटी त्याने विचारलं, "बाय, तुला काय पायजे का? आईचं काय? नथ, तांब्याचा बंब?" ती म्हणाली, काही नको. तिला वाटलं ती मोठेपणा दाखवतेय. आता वाटत होतं की तिने त्याच्या तोंडावर दार लावलं. हक्कावर पाणी सोडलं असं म्हणतात, आणि तिने खरोखरच पाण्यावरचा हक्क सोडला होता, सगळ्या पाण्यावरचा. त्यानंतर गावी जायला कारण लागायला लागलं. कारणं मिळत गेली नाहीत. सदूने त्यानंतरच्या सहा वर्षांत खोल्या बांधल्या, नंबर बदलला, घराचं इंग्रजी केलं, आणि तिला कळवलं नाही. आणि कळवावं का त्याने? कोणत्या नात्याने? तिने तर त्याच्याशी होकार-नकारापुरतंच बोलणं ठेवलं होतं, आणि तेही हिंदीत.

गुरुवारी सकाळी हंसाबेनने यादी मागितली. हंसाबेन वाईट बाई नव्हती. समिधाच्या मुलीच्या, मनालीच्या ॲडमिशनच्या वेळी तिने स्वतः दोन ठिकाणी फोन केले होते. म्हणूनच तिच्यावर नुसतं चिडून भागत नव्हतं.

"नांदवेळनु शुं थयुं, समिधा? स्वीट वेल पक्का?"

"पूल नहीं है उनके पास."

"बोला हता ने, डिसेंबर तक बनाएगा?"

"बना सकता है. लेकिन वहाँ पानी नहीं बचेगा, हंसाबेन. कुएँ का पानी है. समंदर अंदर आ जाएगा."

हंसाबेनने चष्मा वर केला. तिला खरंच कळलं नाही. "तो टँकर मंगाएगा ना. आपण अहीं सब मंगाते ही हैं. देख, पूल के बिना कोई क्लिक ही नहीं करता. उसको नहीं करना तो बाजूवाला करेगा, नुकसान किसका? उसी का ने?"

हे खरं होतं. याच्यासारखं संतापजनक दुसरं काही नसतं, की समोरचा चुकीचं बोलतो आणि ते खरं असतं. सदूने पूल नाही केला तर त्याच्या खोल्या रिकाम्या. केला तर चार वर्षं भरलेल्या आणि पाचव्या वर्षी खारी विहीर, आणि मग रिकाम्याच. बाजूवाला करणार, त्याचा बोअर तसाही याच विहिरीच्या पोटातून ओढणार. पण म्हणून ते आपल्या तोंडून सांगितलं जावं? आईच्या पोटच्या पोरीने, आईच्या कठड्याला लागून खड्डा मागावा, कुणा ग्रुपच्या फोटोसाठी? समिधाने स्क्रीनवर रकाना उघडला, 'पूल, डिसेंबरपर्यंत' पुसलं आणि लिहिलं: पूल नाही. विहीर आहे, पाणी गोडं. हे वाचून कुणी क्लिक करणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. मग तिने फोन उचलला. आता ती मराठीत बोलणार होती, त्याला सांगणार होती की ती कोण आहे. तो ओशाळेल, मॅडम-मॅडम केल्याची त्याला लाज वाटेल, त्याला सांभाळून घ्यायचं असंही तिने मनाशी ठरवलं.

पलीकडे कसलीतरी जोराची घरघर चालू होती. "हॅलो," ती म्हणाली. "सदू, मी बोलतेय. समिधा."

"हां बाय, बोल," सदू म्हणाला. काल भेटल्यासारखा.

ती गोंधळली. "परवा मीच बोलत होते तुझ्याशी. कंपनीतून."

"म्हाइत हाय."

"काय माहीत आहे?"

"तू हॅलो म्हटलंस तवाच वळखलं. आईसारखं म्हणतेस, 'हा' ओढून."

समिधाने डोळे मिटले. "मग बोलला का नाहीस? दहा मिनिटं मला मॅडम म्हणत होतास."

"तू हिंदीत बोलत होतीस," सदू म्हणाला, आणि यात त्याला काही तक्रार करायची नव्हती, तो नुसतं कारण सांगत होता. "मला वाटलं हापिसात बाजूला साहेब बसला असंल. तुझी नोकरी. उगाच घरचं कशाला काढा."

मागची घरघर वाढली, काहीतरी दगडावर घासल्याचा आवाज आला. "हा आवाज कसला आहे?" तिने विचारलं, आणि विचारता विचारता तिला कळलं.

"जेसीबी. काल संध्याकाळी आला, आज सकाळी लावला. तुझ्या पूलसाठी." तो जरा मोठ्याने बोलायला लागला. "अंगणाचा तुळशीकडचा भाग झाला, आता कठड्याच्या बाजूने घेतोय. थर्टी फर्स्टच्या आत करतो बघ."

"अरे पण का? तुला कळत नाही? विहीर जाईल. आईने..."

"मला कळत नाय?" आता पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "तीन कंपन्या येऊन गेल्या गो माझ्याकडं. तिघांना नाय म्हटलं. अख्खी आळी मला येडा म्हणते. अनसूया रोज बोलते, लोकांचे पूल झाले, आपल्याकडं कुत्रं फिरकत नाय. अजून मी झाप घालतो विहिरीवर, एप्रिलात. चव बघतो. मला कळत नाय म्हणतेस?"

"मग हो का म्हणालास?"

"तू मागितलंस म्हणून," तो म्हणाला. "सही केलीस त्या दिवशी तुला एवढं विचारलं, काय पायजे, तर काय नको म्हणालीस. रवळीभर तांदूळसुद्धा नेला नाय तू या घरातला. सहा वर्षं माझ्या डोक्यावर ते बसलंय. पयल्यांदा कायतरी मागितलंस. त्याला नाय कसा म्हणू मी? विहीर तर विहीर."

समिधा उभी राहिली. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली. रागाने दोन दिवस धरून ठेवलेलं सगळं वर आलं होतं, हंसाबेनवरचं, टॉवरवरचं, वरसाव्याच्या नाक्यावरचं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुणी दुसरं नव्हतंच. "थांबव ते," ती म्हणाली. "मला पूल नको. कधीच नको होता. थांबव."

"काय? ऐकू नाय येत."

"थांबव म्हणते," ती ओरडली, आणि हंसाबेनने कामातून मान वर केली. "विहीर निजव, सदू. निजव तिला."

पलीकडे सदूने बहुतेक मशीनवाल्याला हात केला असावा. "ओ भाई, रुको," असं तो म्हणताना ऐकू आलं, आणि मग मशीनवाल्याने वैतागलेल्या आवाजात, हिंदीत विचारलं की आता काय झालं, या कामासाठी त्याने दुसरं भाडं सोडलंय. सदू काहीतरी सांगत होता, त्याला नीट सांगता येत नव्हतं. मग त्याने फोन स्पीकरवर टाकला. "बाय, तूच सांग याला. मराठी नाय समजत त्याला."

"भैया," समिधा म्हणाली. तेवीस वर्षांची हिंदी तिच्या तोंडात कधी नव्हती इतकी जड झाली. "मशीन बंद कर दो. वहाँ नहीं खोदना है."

"आप कौन बोल रही हैं, मॅडम?" तो म्हणाला. "कंपनी से?"

कुठून बोलतेय म्हणून सांगायचं? कंपनीतून, तर ती आता कंपनीची बोलत नव्हती. घरातून, तर घरावर तिने सही करून दिली होती. हंसाबेन तिच्याकडे बघत होती, स्क्रीनवर रकाना उघडा होता, आणि फोनमध्ये यंत्र चालूच होतं.

"कंपनी नहीं," सदूच म्हणाला, त्याच्या मोडक्या हिंदीत, सावकाश, प्रत्येक शब्द ठेवत. "ये कुआँ इनका है. ये बोलेगी तो बंद."

थोड्या वेळाने घरघर थांबली. तिकडच्या शांततेत कठड्यावरून एखादा खडा पाण्यात पडल्याचा आवाज लगेच आला, म्हणजे पाणी अजून बऱ्यापैकी वर होतं.